हिरव्या रंगाचा दाखला

महाराष्ट्रातील ज्या खेड्यांची छायाचित्रे गेल्या अर्धशतकात पुनःपुन्हा काढली गेली, छापली गेली आणि सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर टांगली गेली, त्यांत पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचा क्रमांक फार वर लागेल. १९७५ साली सैन्यातील नोकरी आटोपून अण्णा हजारे गावी परतले, संत यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला, उतारांवर समतल चर खणले गेले, ओढ्यांवर नालाबांध पडले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावाने आपणहून पाळली, आणि वर्षाकाठी चारशे-पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणाऱ्या त्या पर्जन्यछायेच्या मुलखात विहिरींना पाणी टिकू लागले, ही हकीकत आता इतकी सर्वश्रुत आहे की ती पुन्हा विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. १९९० ची पद्मश्री, १९९२ चे पद्मभूषण आणि राळेगणच्या धर्तीवर राज्य शासनाने आखलेली आदर्श गाव योजना, या सर्वांच्या मागे प्रत्यक्ष कामाचे बळ होतेच. परंतु ज्यांनी राळेगण कधी पाहिले नाही अशा असंख्य लोकांची खात्री पटविण्याचे काम छायाचित्रांच्या एका जोडीने केले आहे, हेही नाकारता येणार नाही. एका चित्रात उजाड टेकडी, दुसऱ्यात झाडोरा. म्हणून या गावाच्या छायाचित्रातला हिरवा रंग ही निव्वळ शोभेची बाब राहत नाही. तो एक दावा असतो, आणि दाव्याच्या बाबतीत जी शिस्त आपण कागदोपत्री पाळतो ती चित्राच्या बाबतीतही पाळावयास हवी, एवढेच मला या लेखात मांडावयाचे आहे.

हे मांडण्याची निकड आताच का भासावी, तर अलीकडे जलसंधारणाच्या गावांची जी छायाचित्रे भ्रमणध्वनींवरून फिरतात व प्रसंगी वृत्तपत्रांतही येऊन बसतात, त्यांतील पुष्कळशी एकाच क्षणाची, एकाच प्रकाशमानाची नसतात. एकाच दृश्याची कमीअधिक प्रकाश घेतलेली अनेक छायाचित्रे काढावयाची आणि संगणकाकरवी ती एकात जुळवावयाची, हा तो प्रकार. छायाचित्रकार पहिल्या कृतीला ब्रॅकेटिंग म्हणतात, आणि जुळवून सिद्ध झालेल्या चित्राला एचडीआर. या प्रकाराविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात. जुन्या वळणाचे लोक त्याला सरसकट लबाडी म्हणतात, आणि नव्या मंडळींना त्यात विचार करण्याजोगे काही आहे असेच वाटत नाही, कारण ते काम भ्रमणध्वनी न विचारता करून टाकतो. मला दोन्ही मते अपुरी वाटतात.

प्रथम त्या कृतीची बाजू न्यायाने समजून घेतली पाहिजे. वैशाखातील दुपारी देवळाच्या सभामंडपात उभे राहून दाराकडे पाहिले, तर आतील खांब, कोपऱ्यात बसलेली माणसे आणि दाराबाहेरील उन्हात तळपणारे अंगण हे सारे आपल्याला एकसमयावच्छेदेकरून दिसते. डोळा क्षणाक्षणाला आपले मान बदलीत असतो, आणि मन त्या सर्व दर्शनांची बेरीज करून एकच दृश्य आपल्यापुढे ठेवते. कॅमेऱ्याला ही सवलत नाही. त्याच्या उत्तम पडद्यावर अगदी अंधुक व अगदी प्रखर यांच्यामधील सुमारे चौदा पायऱ्या उमटतात, प्रत्येक पायरी म्हणजे प्रकाशाची दुप्पट. म्हणजे एका टोकाच्या सोळा हजार पट दुसरे टोक. संख्या मोठी वाटते खरी, परंतु सभामंडपाचा काळोखा कोपरा आणि बाहेरील चुना दिलेली भिंत यांतील तफावत तिच्याही पलीकडे जाऊ शकते. सबब एकाच छायाचित्रात एक तर अंगण पांढरेफटक होऊन जाते, नाही तर मंडपातील माणसे काजळीत बुडतात. यांपैकी कोणतेही चित्र पाहणाऱ्याने पाहिलेले नसते. आणि तरीही ‘कॅमेरा खोटे बोलत नाही’ असे आपण म्हणत आलो.

ज्याला हे काम नीट करावयाचे आहे तो कॅमेरा तिपाईवर पक्का बसवितो. छिद्राचा आकार एकदा ठरला की हलवीत नाही, कारण तो बदलला तर चित्रातील जवळचे-लांबचे किती स्पष्ट दिसावे याचा हिशेबच बदलतो. पडद्याची संवेदनक्षमता, रंगांचे संतुलन आणि नजरेचा रोख हेही आपल्या हाताने बांधून ठेवतो, आणि फक्त शटरचा काळ बदलीत जातो. आठ आकड्याच्या छिद्रावर एक हजारांश सेकंदाने प्रारंभ करावा, म्हणजे उन्हातील भिंतीचा पोत राहतो. मग एक अडीचशांश, एक साठांश, एक पंधरांश, पाव सेकंद आणि अखेरीस पूर्ण एक सेकंद, म्हणजे कोपऱ्यातील समईखालची फरशीही दिसू लागते. सहा चित्रे झाली, आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रकाश हजारपटीने वाढला. कोठे थांबावे याचा निर्णय कॅमेऱ्याच्या पाठीवर दिसणारा आलेख देतो: सर्वांत काळ्या चित्रात आलेखाची उजवी कडा मोकळी हवी, सर्वांत उजळ चित्रात डावी. बोटाचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा विलंब लावून ठेवणे बरे. एवढे केल्यावर संगणकाला करावयाचे काम तत्त्वतः सरळ आहे. प्रत्येक ठिकाणी ज्या चित्रातील माहिती भरवशाची आहे तिला अधिक वजन द्यावयाचे, आणि त्यावरून त्या जागी वस्तुतः किती प्रकाश होता याचा अंदाज बांधावयाचा.

नवे आहे ते संगणकाचे. जुळवणी जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वापरात असलेल्या ओल्या काचेला निळा प्रकाश अतोनात लागत असे, त्यामुळे जमिनीला पुरेसा वेळ द्यावा तर आकाश कोरे येई. फ्रान्समधील ग्युस्ताव्ह ले ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची जी प्रख्यात छायाचित्रे काढली, त्यांपैकी काहींत त्याने आकाशाची काच वेगळी आणि पाण्याची वेगळी घेऊन दोहोंवरून एकच प्रत छापली. आपल्या मुंबईतही, जेथे १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ तीत वावरू लागले, तेथे विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने शहरातील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांचा चित्रसंग्रह १८६३ व १८६६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केला; त्यातील अनेक चित्रांत माणसे एका काचेवरची आहेत आणि त्यांच्या मागचा देखावा दुसऱ्या. ले ग्रेची जुळवणी आणि जॉन्सनची जुळवणी बाह्यतः एकाच जातीच्या वाटतील, पण माझ्या मते त्यांच्यात जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्याने त्या जागी जे होते आणि काचेला जे झेपले नाही ते परत आणण्याचा यत्न केला. तसे करताना दुसऱ्या वेळचे आकाश वापरण्याचा मोह त्यालाही नेहमीच आवरला असे नाही. दुसऱ्याने माणसांना अशा जागी नेऊन उभे केले जेथे ती चित्र काढतेवेळी उभी नव्हतीच. आजच्या एचडीआरचा न्याय करताना हीच कसोटी उपयोगी पडेल: सर्व चित्रे एकाच जागेवरून, एकाच बैठकीत, काही सेकंदांच्या अवधीत घेतलेली असली, तर ती जुळविणे हे मूळ दृश्याच्या अधिक जवळ जाणे आहे, लबाडी खास नव्हे.

१९९५ मध्ये स्टीव्ह मान व रोझलिंड पिकार्ड यांनी आणि १९९७ मध्ये पॉल डेबेवेक व जितेंद्र मलिक यांनी या जुळवणीचे गणित मांडले. जितेंद्र मलिक हे आपल्याच देशात जन्मलेले आणि कानपूरच्या आयआयटीत शिकलेले. १९९७ च्या त्या निबंधाचा हेतू डोळ्यांना सुखविणारे चित्र काढणे हा नव्हताच. दृश्यातील प्रकाशाचे मापन करणे हा होता, म्हणजे ती एक प्रकारची मोजणीच होती.

घोटाळा होतो तो मोजणीनंतर. मोजून काढलेल्या त्या अफाट प्रकाशमर्यादेला कागदावर उतरवावयाचे, तर उत्तम कागदाचाही शुभ्रपणा त्याच्या काळेपणाच्या शंभरपटीच्या आसपास असतो, आणि आपल्या वृत्तपत्री कागदाचा त्याहून पुष्कळ कमी. तेव्हा सोळा हजारांचे शंभरात रूपांतर करावयाचे झाले तर काय दाबावे आणि काय उचलावे हे कोणीतरी ठरविलेच पाहिजे, आणि तो ठरविणारा, माणूस असो की यंत्र, तेथे आपली आवडनिवड चालवितो. झाडाच्या माथ्याभोवती उजळ कडा दिसते, दुपारच्या ढगांना काळसर कळा येते, सावल्या इतक्या उजळतात की सूर्य नेमका कोठे होता ते सांगता येत नाही. या खुणा ओळखू येतात, म्हणून त्या तितक्या घातक नाहीत. न ओळखू येणारी गोष्ट रंगाची. २००७ मध्ये मर्टेन्स, काउट्झ व व्हान रीथ या तिघांनी जुळवणीची जी सोपी रीत सुचविली आणि जी आज अनेक आज्ञावल्यांत वापरात आहे, तीत प्रत्येक बिंदूला वजन देण्याच्या तीन कसोट्या आहेत: रेखीवपणा, प्रकाशाचा योग्य मध्य आणि रंगाची गडदता. म्हणजे एकाच बाभळीचे पान एका चित्रात फिकट आणि दुसऱ्यात गडद आले असेल, तर गडदाला झुकते माप मिळते. कोणा प्रवाशाच्या आल्बमात हे चालून जाईल. परंतु जेथे झाडोरा वाढला की नाही हाच वादाचा मुद्दा आहे, तेथे हिरव्याच्या बाजूला आधीच कललेला तराजू वापरणे हे, ज्याच्या हेतूत तिळमात्र खोट नाही अशा माणसाच्या हातूनही, पक्षपाताचे काम होते.

दुसरी अडचण हलणाऱ्या वस्तूंची. श्रमदानाचे दृश्य घ्या. सहा चित्रांच्या अवधीत कुदळ वर जाते, खाली येते, पाटी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. आणि जुळवणी करताना एकाच माणसाच्या दोन भुतासारख्या आकृत्या उमटतात. संगणक त्या पुसण्यासाठी एका चित्राला प्रमाण मानतो आणि त्या जागेपुरती इतर चित्रे टाकून देतो. यात क्वचित एखादे माणूसच नाहीसे होते. श्रमदानाच्या नोंदीतून श्रम करणाराच गळून जावा यापरती विपरीत गोष्ट कोणती! मात्र याच्या उलट बाजूही नमूद केली पाहिजे: भर दुपारी पदर पुढे ओढून किंवा टोपी घालून काम करणाऱ्यांचे चेहरे साध्या छायाचित्रात निव्वळ काळे डाग होतात, आणि बांध तेवढा स्वच्छ उमटतो. कोणाचा चेहरा दिसावा आणि कोणाचा दिसू नये हे उन्हाने ठरवावे, हेही मला मान्य नाही. अशा जागी एकच चित्र सावध हाताने घ्यावे, कॅमेऱ्याच्या मूळ रॉ फाईलमधून सावल्या थोड्या उघडाव्यात, आणि ब्रॅकेटिंगचा उपयोग ज्या वस्तू हलत नाहीत त्यांच्यासाठी राखून ठेवावा: बांध, चर, विहिरीचा आतील कठडा, देवळाचा गाभारा. विहिरीची पाण्याची पातळी दाखविण्यासाठी तर दुसरा चांगला मार्ग मला दिसत नाही, कारण काठावरचे ऊन आणि तळाचा अंधार एका चित्रात कधी सुखाने नांदत नाहीत.

भ्रमणध्वनीचा प्रश्न आणखी निराळा आहे. २०१० साली आयफोनमध्ये तीन चित्रांची जुळवणी आली तेव्हा ती वापरणाऱ्याला मुद्दाम सुरू करावी लागे, आणि मूळ साधे चित्रही शेजारी जपून ठेवता येई. पुढे गुगलने, २०१६ च्या निबंधात सविस्तर वर्णिलेल्या रीतीने, कमीअधिक प्रकाशाची चित्रे घेण्याऐवजी एकाच कमी प्रकाशाची अनेक चित्रे लागोपाठ घेऊन त्यांची सरासरी काढण्याचा मार्ग पत्करला, ज्याने हलणाऱ्या वस्तूंची भुते कमी झाली. हे तंत्र मी प्रशंसनीय मानतो. माझी तक्रार एवढीच की आजच्या नित्याच्या वापरात बटण एकदा दाबले की तयार चित्र तेवढे हाती येते आणि त्यामागची मूळ चित्रे आपल्याला न दाखविताच टाकून दिली जातात.

याच यंत्रांवर आता सरकारी कामांची नोंद चालते. रोजगार हमीच्या कामांची, आणि २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानातील कामांचीही, अक्षांश-रेखांशासह छायाचित्रे घेऊन ती वर चढविण्याचा दंडक पडला आहे. रोजगार हमीत तर कामापूर्वी, काम चालू असता आणि काम झाल्यावर अशी तीन वेळची. व्यवस्था स्तुत्य आहे. तथापि अक्षांश-रेखांशांनी जागा सिद्ध होते, रंग सिद्ध होत नाही. आणि येथे मला एचडीआरहूनही जुन्या आणि कोणतीही आज्ञावली न लागणाऱ्या एका लबाडीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. पहिले चित्र मे महिन्यात घ्यावयाचे आणि दुसरे सप्टेंबरात. पावसाच्या चार सरी पडल्या की पारनेर तालुक्यातील कोणताही माळ, त्यावर एक कुदळही पडलेली नसली तरी, हिरवा दिसतो. कॅलेंडरची ही जादू फोटोशॉपलाही साधावयाची नाही, आणि ज्या संस्थांच्या अहवालांत अशा जोड्या छापलेल्या असतात, त्यांनी संगणकी जुळवणीवर नाक मुरडावे हे मला हास्यास्पद वाटते.

मूळ प्रत जपण्याचे महत्त्व पटावे म्हणून जगाच्या वृत्तछायाचित्रणातील एक प्रसंग सांगतो. स्वीडनच्या पॉल हान्सेन यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये गाझा येथे एका अरुंद गल्लीतून दोन मृत बालकांना दफनासाठी नेणाऱ्या आप्तांचे छायाचित्र काढले, आणि त्याला वर्ल्ड प्रेस फोटोचा त्या वर्षीचा सर्वोच्च सन्मान मिळाला. गल्लीत खोलवर असलेल्या चेहऱ्यांवरचा प्रकाश इतका सम होता की हे अनेक चित्रांची जुळवणी करून बनविलेले आहे असा जाहीर आरोप मे २०१३ मध्ये झाला. वादाचा निकाल लागला तो कोणाच्या प्रतिष्ठेवर अगर शपथेवर नव्हे; संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञांनी हान्सेन यांची मूळ रॉ फाईल मागवून ती पारितोषिकाच्या चित्राशी ताडून पाहिली, आणि प्रकाशछायेत बराच फेरफार केलेला असला तरी चित्र एकच आहे असा अभिप्राय दिला. तो फेरफार आवडावा की नावडावा हा रुचीचा प्रश्न राहिला. मूळ फाईल नष्ट झालेली असती तर मात्र दोन लेकरांच्या मृत्यूचा दस्तऐवज कायमचा संशयाच्या यादीत जाऊन पडला असता. आपल्याकडेही १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुराव्यात आणताना त्याच्या हॅशसह प्रमाणपत्र देणे आवश्यक केले आहे. हॅश म्हणजे त्या फाईलीची अशी संख्यारूप ओळख, की फाईलीत एक बिंदू बदलला तरी ती बदलते.

आपल्या महसुली दप्तरात याविषयीची एक समंजस वहिवाट पूर्वापार आहे. सातबाऱ्यावरील खातेदार बदलला म्हणजे तलाठी जुने नाव खरडून काढीत नसे. त्याला कंस करीत असे, फेरफाराचा क्रमांक घालीत असे आणि नवे नाव लिहीत असे, जेणेकरून तीन पिढ्यांनंतरही कोणाच्या हक्कावर कोणाचा हक्क आला हे वाचता यावे. जुळवलेल्या छायाचित्राला याहून अधिक काही नको आहे. जुळवलेले चित्र भिंतीवर लावावे, अहवालात छापावे, पाहुण्यांना दाखवावे. पण ज्या पाच-सहा चित्रांपासून ते सिद्ध झाले ती, त्यांच्या वेळेसह आणि हॅशसह, जशीच्या तशी दप्तरी राहावीत, आणि छापील चित्राखाली ‘अनेक छायाचित्रे जुळवून’ एवढे तीन शब्द असावेत. साठवणुकीच्या खर्चाची सबब कोणी पुढे करील, तर एका नालाबांधाच्या सिमेंटच्या एका पोत्याच्या किमतीत वर्षाची सारी छायाचित्रे मावतील एवढी जागा विकत मिळते, हे त्याने लक्षात घ्यावे.

राळेगणसिद्धीने, जसे पूर्वी बंधाऱ्यांच्या बाबतीत केले तसे, याही बाबतीत पुढाकार घ्यावा. गावच्या पाणलोटात निवडक जागी दगडी खुंट रोवावेत. दरवर्षी मे महिन्याच्या एका ठरलेल्या आठवड्यात, ठरलेल्या प्रहरी, त्याच खुंटावर तिपाई ठेवून त्याच दिशेने ब्रॅकेटिंगने चित्रे घ्यावीत, आणि चौकटीच्या एका कोपऱ्यात करड्या रंगाची एक ठरीव पट्टी असावी, म्हणजे रंग वाढविला की नाही याची रुजुवात कोणालाही घेता येईल. मे महिना निवडण्याचे कारण उघड आहे: उन्हाळ्यात जे हिरवे राहिले तेच खरे कमावलेले. एखाद्या वर्षी पाऊस दगा देईल आणि चित्र करपलेले येईल. तेही त्याच मानाने ठेवावे. हिवरे बाजारसारखी गावे आणि कृषी खात्याचे पाणलोट विभाग हे पाहून तसेच करतील, अशी मला उमेद आहे.

नव्या नोंदीची तजवीज होईल तेव्हा होईल. दरम्यान राळेगणमधील आणि पारनेर तालुक्यातील ज्या कुटुंबांच्या ट्रंकांत १९७२ च्या दुष्काळाची, मंदिराच्या जीर्णोद्धाराची किंवा पहिल्या बांधांच्या कामाची काळीपांढरी छायाचित्रे आणि त्यांच्या निगेटिव्ह असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. मूळ निगेटिव्ह आपल्याजवळ राखून तिची एक नक्कल ग्रामपंचायतीच्या स्वाधीन करावी, आणि पाकिटावर साल, महिना व चित्र कोठून घेतले ती जागा पेन्सिलीने लिहून द्यावी.